मोटारींतलें शौर्य

फैजपुरास एका लग्नाच्या पंगतींत आम्ही बसलों होतों. पानावर वरण-बट्टी वाढली जात असतां शेजारच्या मंडळींत एक वाद रंगला आणि त्याचा विषय ऐकून आमच्या हातांतला घास हातांतच राहिला. मोटारींत बाळगण्यास कोणतें हत्यार सोयीचें, हा तो विषय! एक म्हणे, बत्तीस बोरचें रिव्हॉल्व्हर. दुसरा म्हणे, पिस्तूल बरें, त्यांत गोळ्या अधिक. तिसरे वयोवृद्ध गृहस्थ बारा बोरच्या दुनळी बंदुकीचे अभिमानी होते. सारी मंडळी सुशिक्षित, कुटुंबवत्सल व केळीच्या व्यापारांत मुरलेली. कोणतें हत्यार घ्यावें एवढ्यापुरताच त्यांचा मतभेद. हत्यार हवेंच, याविषयीं मात्र एकमत! आमचा आक्षेप आहे तो त्या एकमतावर.

प्रथम प्रतिपक्षाचें देणें देऊन टाकूं. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरून अपरात्रीं बायकामुलांसह घरीं परतणाऱ्या गृहस्थाची भीति खोटी आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. दुतर्फा केळीचे मळे, मधूनमधून निर्मनुष्य टापू आणि उत्तरेस सातपुड्याचा काळोख! अशा वेळीं मन दचकतें, यांत लाज कसली? जीवरक्षणाचा हक्क कायद्यानेंही मानलेला आहे. जुन्या दंड संहितेंतील तो हक्क २०२३ च्या भारतीय न्याय संहितेंतही कायम आहे. लुटारूपुढें मान तुकवा, असा उपदेश करण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. आमचा प्रश्न इतकाच कीं, मोटारींतलें हत्यार खरोखर रक्षण करतें काय?

दुनळी बंदूक मोटारीच्या आंत धड वळवितांही येत नाहीं. तिचा विचार तेवढ्यावरच संपतो. राहिलीं रिव्हॉल्व्हर व पिस्तूल. तीं ठेवावयाचीं कोठें? पुढच्या खणांत कुलुपाखालीं ठेवावीं तर प्रसंगीं हातीं येत नाहींत. कुलुपावांचून ठेवावीं तर नको त्याच्या हातीं पडतात. या पेचांतून सोडविणारें हत्यार अद्यापि कोणत्याही कारखान्यांतून निघालेलें नाहीं. पंगत आटोपून आम्ही बाहेर आलों, तों त्याच मंडळींपैकीं एकाचा पांच-सहा वर्षांचा नातू मोटारीच्या पुढल्या बैठकीवर उभा राहून तो खण उघडीत-मिटीत होता. त्या दिवशीं खण रिकामा होता. पुढील लग्नसराईंत तो रिकामा असेल, अशी हमी कोण देणार?

बरें, हत्यार अगदीं हाताशीं आहे असें धरून चालूं. लुटारू आगाऊ निरोप पाठवून येत नाहींत. रस्त्यांत ओंडका आडवा पडलेला असतो किंवा कोणी अपघाताचें सोंग घेऊन निजलेला असतो. गाडी थांबते त्या क्षणीं चालकाचे दोन्ही हात चाकावर, कंबर पट्ट्यानें बांधलेली आणि डोळे प्रकाशानें दिपलेले. उलट समोरचा मात्र तयारींत! पहिली चाल नेहमीं त्याची असते. अशा वेळीं खणाकडे गेलेला हात पैसे वांचवीत नाहीं. जो प्रसंग पैशांवर भागला असता, तो प्राणांवर नेतो. खानदेशास हें नवें नाहीं. १८५७ च्या नोव्हेंबरांत सेंधव्याच्या घाटाच्या परिसरांत खाज्या नाईकानें इंग्रजांचा सात लाखांचा खजिना लुटला, तेव्हां त्याबरोबर हत्यारबंद पहारा होता. पहाऱ्याच्या बंदुका जेथें उपयोगीं पडल्या नाहींत, तेथें आमच्या शेठजींचें एक रिव्हॉल्व्हर काय करणार?

शिवाय मोटार धांवते थोडी आणि उभी राहते फार: ढाब्यापुढें, मंडपाबाहेर, दवाखान्याच्या आवारांत. कांच फोडण्यास क्षण पुरतो. अमेरिकेसारख्या बंदुकांनीं भरलेल्या देशांत चोरीस जाणाऱ्या हत्यारांचा मोठा वांटा उभ्या मोटारींतून जातो. दरोडेखोरासाठीं आणलेलें हत्यार असें आपल्याच हातानें दरोडेखोरास पोंचतें! परवान्याची हद्द हीही एक अडचण आहेच. ती महाराष्ट्रापुरती असली, तर रावेर ओलांडून बऱ्हाणपुराकडे निघालेला सज्जन राज्याची सीमा लागतांच स्वतःच गुन्हेगार ठरतो.

परवाना मिळत नाहीं म्हणून कांहींजण वांकड्या वाटेनें गांवठी कट्टा मिळवितात. चोपड्याच्या बाजूस, सीमेवरील उमर्टीचें नांव या धंद्यापायीं पुरेसें बदनाम झालें आहे. असला कट्टा चोरावर चालण्याआधीं चालविणाराच्या हातांत फुटण्याचें भय. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्रास किमान दोन वर्षांची कैद. कुटुंबाच्या रक्षणासाठीं कर्त्या पुरुषानें तुरुंगाची वाट धरावी, हें कोणतें व्यवहारचातुर्य?

येथवर आलें कीं प्रतिपक्ष इतिहासाचा आश्रय घेतो. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें इंग्रजांनीं आम्हांस निःशस्त्र केलें, १९३१ सालीं कराचीच्या ठरावांत शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला गेला, मग आतां तो कां नको, असा सवाल येतो. सवाल मानी मनाचा आहे. म्हणून त्यास सरळ उत्तर दिलें पाहिजे. त्या कायद्याची जखम हत्यार नसण्याची जितकी, तितकीच गोऱ्यास सूट आणि एतद्देशीयास बंदी या अपमानाची होती. कराचीच्या ठरावानेंही तो हक्क नियम व निर्बंध यांच्या अधीन ठेवला होता. पुढें १९४८ सालीं संविधानसभेंत ह. वि. कामथ यांनीं तो मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना आणली, ती स्वराज्याच्याच प्रतिनिधींनीं नाकारली. आणि फैजपुरानें तरी हा आधार घेऊं नये. १९३६ च्या डिसेंबरांत येथें, खेड्यांत भरलेलें काँग्रेसचें पहिलें अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं झालें. त्यासाठीं हजारों शेतकरी पायीं व बैलगाड्यांनीं याच वाटांनीं आले. त्यांना निर्भय करणारी वस्तु कोणाच्या खणांत नव्हती. ती एकमेकांच्या सोबतींत होती.

खरें सांगावयाचें तर हत्यार हें पुष्कळदां भीतीपेक्षां प्रतिष्ठेसाठीं घेतलें जातें, आणि भीतीचें मूळ बहुधा पिशवींतल्या रोकडींत असतें. केळीचा हिशेब बँकेमार्फत करावा. रोकड न्यावीच लागली तर दिवसाउजेडीं व सोबतीनें न्यावी. संशयाच्या जागीं न थांबतां पुढल्या गांवांत जाऊन ११२ वर खबर द्यावी. यांत मिशीला पीळ देण्याजोगें कांहीं नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण जी मंडळी एका परवान्यासाठीं कचेरीचे दहा खेटे घालतात, त्यांनीं तेच खेटे रस्त्यावरील दिव्यांसाठीं व रात्रींच्या पोलिस गस्तीसाठीं एकत्र मिळून घालावे. रिव्हॉल्व्हर झालेंच तर एका मोटारीपुरतें. गस्तीनें मात्र सायकलीवरून घरीं परतणारा मजूरही सुरक्षित होतो. ज्या गांवास फैजपुराचा इतिहास लाभला आहे, त्यानें आपलें शौर्य मोटारीच्या खणांत कोंडून ठेवूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.