ऑपेनहाइम नांवाचे दोघे

आमच्या वर्गांतील एका हुशार मुलानें सहामाहीच्या निबंधांत लिहिलें कीं, ऑपेनहाइम हे प्रागचे थोर ज्यू धर्मपंडित असून उतारवयांत ते चित्रकार झाले. पंडित १७३६ सालीं वारले आणि चित्रकार १८०० सालीं जन्मले. तेव्हां तें उतारवय फारच लांबलें म्हणावयाचें! परंतु नांव एक दिसलें कीं माणूसहि एकच, असें धरून चालण्याची खोड आम्हां थोरांनाहि आहे.

ऑपेनहाइम हें जर्मनींतील ऱ्हाइन नदीकांठचें एक गांव. त्यावरून हें आडनांव पडलें. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल लोकांत पेणकर, केहीमकर, नवगांवकर हीं आडनांवें अशींच गांवांवरून आलीं. दोन पेणकर भेटले म्हणून ते भाऊबंदच असले पाहिजेत असें कोणी म्हणत नाहीं.

पंडित दावीद ऑपेनहाइम यांचा जन्म वर्म्स येथें १६६४ सालीं झाला. पुढें ते प्रागचे मुख्य रब्बी झाले. हिब्रू ग्रंथ व हस्तलिखितें त्यांनीं जन्मभर जमविलीं, आणि तीं हजारोंनीं. पण सरकारी तपासनिसांच्या धाकानें हा संग्रह प्रागमध्यें ठेवतां येईना. तो दूर हॅनोव्हरला सासऱ्यांकडे ठेवावा लागला. ज्यानें ग्रंथ जमविले त्याच्याच हाताशीं ते नसावेत, याहून कठीण शिक्षा मला तरी सुचत नाहीं. १८२९ सालीं ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयानें तो संग्रह विकत घेतला. आजहि तो तेथेंच आहे.

चित्रकार मोरित्स दानीएल ऑपेनहाइम हे हनाऊचे. ज्यू घरांतील सण, विवाह, शब्बाथ हे त्यांचे आवडते विषय. कोणी म्हणेल, प्रतिमा करूं नये अशी मोशेची आज्ञा असतां हें कसें? मला हा आक्षेप पटत नाहीं. आज्ञा आहे ती प्रतिमेपुढें नमण्याविषयीं. त्याच निर्गमाच्या पुस्तकांत बसालेल नांवाच्या कारागिराला देवानें नांव घेऊन बोलाविलें आहे. पंडितांच्या ग्रंथांत शब्बाथ कसा पाळावा हें सांगितलेलें होतें. चित्रकारानें तो पाळणारें घर दाखविलें, आणि त्या घराला जाऊं लागलेला तडाहि दाखविला.

१८३३-३४ सालचें त्यांचें एक चित्र पाहा. नेपोलियनविरुद्ध स्वेच्छेनें लढावयास गेलेला मुलगा शब्बाथच्या दिवशींच घरीं परतला आहे. त्या दिवशीं प्रवास वर्ज्य! आई व भावंडें त्याच्याभोंवतीं जमलीं आहेत. बापाची नजर मात्र मुलाच्या छातीवरील लोखंडी क्रूसाकडे लागली आहे. शौर्याचें तें पदक. पण आकार क्रूसाचा. आम्हां ख्रिस्ती लोकांना तें चिन्ह आपलें वाटतें. त्या म्हाताऱ्याला अभिमान वाटला कीं भीति, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं. लढाई संपल्यावर १८१५ नंतर ज्यूंना मिळालेले नागरिकत्वाचे हक्क कित्येक जर्मन राज्यांनीं परत काढून घेतले, हें चित्रकाराला ठाऊक होतें.

त्या मुलाला मीं निबंध पुन्हा लिहावयास सांगितला आहे, दोन निरनिराळ्या कागदांवर.