हळू चालणाऱ्याने पुढे व्हावं

अमेरिकेतली भाची दर सुट्टीत फोटो पाठवते. तांबड्या खडकांची खोल दरी, तळाशी दोऱ्याएवढी नदी, आणि ती नि तिचा नवरा पाठीला पिशव्या लावून उभी. फोटो बघून आमचे हे एकदा म्हणाले, "आपल्याकडे कुठे आलंय असलं?" मी म्हटलं, चाळीसगावपासून 18 किलोमीटरवर. ते हसले. पाटणादेवीला आम्ही तोवर चार-पाचदा जाऊन आलो होतो. पण कसे? चैत्रात नाहीतर नवरात्रात, जीप भरून. ओटी भरायची, नारळ फोडायचा, झाडाखाली पंगत उठवायची आणि परत. देवळाच्या मागे तिन्ही बाजूंनी डोंगराची भिंत उभी आहे, तिकडे मान वर करून बघितलं नव्हतं कोणी.

म्हणून जळगाव-धुळ्याकडच्या नवरा-बायकोंना माझं सांगणं आहे. वर्षातून एक दिवस दोघांनीच डोंगरात चालायला जा. सासूबाई नकोत, मुलं नकोत, भिशीचा ग्रुप तर नकोच. लग्नाला दोन वर्षं झालेली असोत की तीस. आपल्याकडे दोघं मिळून बाहेर पडतात ती लग्नाला, दवाखान्याला नाहीतर देवाला. नुसतं चालायला जातो म्हटलं की घरात प्रश्न येतो, "काय काम आहे तिथे?" काही नाही, असंच उत्तर द्या.

आता जागेबद्दल. आपला खडक काळा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले, त्यातलाच हा सातमाळा डोंगर. पण घाटात कापलेला कडा नीट बघा, दोन काळ्या थरांच्या मधे कुठे कुठे विटकरी पट्टा दिसतो. एक थर निवला, त्याच्यावर माती झाली, आणि मग वरून दुसरा तापलेला रस आला. त्यात ती माती भाजून निघाली. चुलीखालची माती लाल होते तशीच. भाचीला मी त्या पट्ट्याचा फोटो पाठवला. लाल आमच्याकडेही आहे, फक्त बेताने आहे.

हे सगळं गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं, 1986 साली जाहीर झालेलं. तेव्हा वनखात्याच्या चौकीवर नोंद करूनच आत जायचं आणि उजेड असतानाच बाहेर यायचं. बिबट्याचं रान आहे. पाटण गावाकडून निघालात की आधी जुनं महादेव मंदिर लागतं, दगडी, कोरीव. तिथून कण्हेरगडाची वाट. चढता चढता डोंगराच्या कुशीत कोरलेली लेणी भेटतात, नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी, शृंगारचावडी. शृंगारचावडीच्या कातळात पाठ टेकून बसलं की समोर अख्खी दरी. आम्ही तिथे अर्धा तास बसलो आणि दोघांपैकी कोणी एक शब्द बोललं नाही. भांडण झालेलं नसताना असं आमच्या घरी होत नाही.

पण पहिल्या खेपेला झालं ते वेगळंच, आणि तेच सांगायला बसले आहे.

ह्यांची चाल झपाट्याची. बाजारातसुद्धा ते चार पावलं पुढे आणि मी पिशवी घेऊन मागे. डोंगरावरही तसंच. दोन वळणं ते पुढे गेले, मी चपलेत शिरलेला खडा काढायला वाकले आणि उठून चालायला लागले ती गुरांच्या वाटेने. दहा मिनिटांनी कळलं की ही वाट करवंदीच्या जाळीत संपते. फोनला रेंज नाही. पाणी त्यांच्या पिशवीत, दशम्या त्यांच्या पिशवीत, गाडीची किल्लीसुद्धा त्यांच्याच खिशात. माझ्याकडे काय, तर रुमाल. मी एका दगडावर बसून राहिले. ते एक मात्र बरं केलं. एक गुराखी पोरगा आला, त्याने तोंडात बोटं घालून शिट्टी मारली आणि खालून ह्यांचा आवाज आला. पाऊण तास गेला होता. भेटल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, "अगं, कुठे होतीस?" मी म्हटलं, "अहो, मी इथेच होते. तुम्ही कुठे होतात?"

तेव्हापासून आमच्यात ठरलेलं आहे की हळू चालणाऱ्याने पुढे व्हायचं. वेग त्याचाच धरायचा. भरभर चालणाऱ्याला मागे राहायला जड जातं, जाऊ द्या. नाहीतर पुढे कोणी दिसत नाही म्हणून मागच्याने धावू लागायचं, पोचेपर्यंत दम लागायचा, आणि तो पोचला की पुढच्याने लगेच उठून चालू लागायचं, यात मागच्याला विसावा कधी मिळतच नाही. बायका हे वर्षानुवर्षं सोसतात आणि घरी येऊन म्हणतात, "मला नाही बाई जमत डोंगर." डोंगर जमतो हो. वेग जमत नाही.

दुसरं, पिशव्या दोन. पाणी, दशमी-चटणी, शिट्टी आणि थोडे पैसे दोघांकडे वेगवेगळे. वाटेला फाटा आला की थांबायचं, दुसरा दिसल्याशिवाय वळायचं नाही. आणि चुकामूक झालीच तर जो चुकला त्याने जागा सोडायची नाही.

तिसरी गोष्ट बायकांसाठी, आणि ती पुरुषांनीही वाचावी. रानात आडोसा मिळेल न मिळेल म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही. एसटीच्या प्रवासात लागलेली सवय. डोंगरात ही सवय घात करते. डोकं दुखतं, पायात गोळे येतात, उतरताना झोक जातो. माणशी निदान तीन लिटर पाणी न्या आणि प्या. आडोशाला जाताना नवऱ्याने थोडं अंतर राखून, पाठ करून उभं राहावं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढी राखण करायला लाज कसली? साडीचा हट्ट नको, पंजाबी ड्रेस आणि पकड असलेले बूट. बूट घरातल्या घरात चार दिवस घालून बघा.

चौथं म्हणजे परतायची वेळ, घरूनच ठरवून निघा. त्यासाठी आमची एक खूण आहे, ती पाटणमुळेच सुचली. पाटणशी गणिती भास्कराचार्यांचं नाव जोडलेलं आहे. त्यांचा नातू चांगदेव याने इथे त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापला, शके 1128 चा शिलालेख तसं सांगतो, तो डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. त्यांच्या मुलीची, लीलावतीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. घटिकापात्र बघायला ती वाकली, मोती पडून भोक बुजलं आणि लग्नाचा मुहूर्त टळला. गोष्ट खरी की खोटी, पंडित बघतील. आमच्याकडे मात्र "मोती पडला" ही खूणच झाली आहे. फोटो काढताना एकाचा वेळ गेला की दुसऱ्याने तेवढंच म्हणायचं. दुपारी दोन वाजले की जिथे असू तिथून माघारी. माथा शंभर पावलांवर असला तरी.

पावसाळ्यात केदारकुंड आणि धवलतीर्थाचे धबधबे भरतात, खरंच बघण्यासारखे. पण दरीच्या पोटात उतरण्याआधी आभाळ आपल्या डोक्यावरचं नाही, डोंगरमाथ्यावरचं बघा. त्या गुराख्याचं वाक्य माझ्या कानात आहे, "वर पानी पडस तं खाले पूर येस, मावशी." ऑगस्ट 2021 च्या अखेरीस एका रात्रीत पाऊस कोसळला, कन्नड घाटात दरडी आल्या, आणि डोंगरी-तितूर नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं. त्याच डोंगरांचं पाणी. झऱ्याचं पाणी गढूळ झालं किंवा त्यात पालापाचोळा वाहू लागला, की चप्पल सोडून द्यावी लागली तरी चालेल, आधी काठ चढा.

उन्हाळ्यात जाऊच नका. जळगावचं ऊन आपल्याला शिकवायला नको, आणि काळा दगड रात्रीपर्यंत धग सोडत नाही. सप्टेंबर सरला की फेब्रुवारीपर्यंत बरं. कड्याला आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर-सेंट नको, बिडी नको, आरोळ्याही नकोत. केळी रावेरची असली तरी वानरांसमोर काढू नका.

पाटणादेवी पायाखालची झाली की दुसऱ्या वर्षी घाट चढून पितळखोऱ्याला जा. तिथे उलटं आहे, आधी पायऱ्या उतरून दरीत जायचं आणि थकल्यावर चढायचं, तेव्हा अर्धं बळ वर येण्यासाठी राखून ठेवा. लेणी दोन हजार वर्षांहून जुनी. तिथे सापडलेला हसरा, बुटका यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो घडवणारा कण्हदास सोनार होता, आणि त्याने आपलं नाव यक्षाच्या हातावर कोरून ठेवलंय. भिंतीवर बदामात नावं कोरणाऱ्या जोडप्यांनी लक्षात घ्यावं, नाव कोरायचंच तर आधी यक्ष घडवा.

जळगाव आणि धुळे, दोन्हीकडून रेल्वे चाळीसगावला येते, तेव्हा गाडी चालवण्याची दगदग न केलेली बरी. संध्याकाळी स्टेशनवर यायचं. स्टेशनाजवळच केकी मूस यांचं घर आहे, छायाचित्रकार म्हणून नावाजलेले. शब्द देऊन गेलेल्या कोणाची तरी ते पंजाब मेलची वेळ साधून रोज वाट बघत, असं गावात सांगतात. गेल्या हिवाळ्यात तिथून परत फलाटावर आलो. मी बूट काढून बाकावर पाय वर घेतले होते. ह्यांनी चहा आणला, दोन कप, आणि येताना माझ्यासाठी चक्क सावकाश चालत आले.