जकात : पिशवी की भांडवल?

रमजानच्या संध्याकाळी भांडुप स्टेशनबाहेर फळांच्या गाड्यांभोवती गर्दी होते. रोजा सोडायला केळी, पपई, खजूर घेणारे घाईत असतात. विकणाऱ्याची घाई वेगळी असते. वसुलीवाला येण्याआधी गल्ल्यात हप्ता जमायला हवा. रोजच्या वसुलीच्या उधारीचा हिशेब साधारण असा असतो : 10 हजार मागितले की हातात 9 हजार, मग 100 दिवस रोज 100 रुपये. वर्षाच्या हिशेबाने हे व्याज 75 टक्क्यांच्या वर जाते. कष्ट गाडीवाल्याचे आणि नफा सावकाराचा.

त्याच महिन्यात त्याच वस्त्यांमधून जकात निघते. निसाबएवढी, म्हणजे साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी संपत्ती वर्षभर राहिली, तर तिच्या अडीच टक्क्यांवर गरजूंचा हक्क. ती बरीचशी सुट्या नोटांत आणि रेशनच्या पिशव्यांत वाटली जाते. पिशवी महिन्यात संपते आणि पुढच्या रमजानला तीच माणसे पुन्हा रांगेत दिसतात.

मदत मागायला आलेल्या एका अन्सारीची हकीकत हदीसमध्ये आहे. पैगंबरांनी त्याच्या घरातली चादर आणि वाडगा दोन दिरहमला विकला. एका दिरहमचे धान्य घरी पाठवले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवून तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवला आणि त्याला लाकडे तोडायला धाडले. पंधरा दिवसांत त्याने दहा दिरहम कमावले.

मुंबईला हे नवे नाही. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच ‘लिज्जत’ उभा राहिला.

अर्थात, कर्ज हे प्रत्येकाचे औषध नव्हे. आजारी, वृद्ध, निराधार यांना थेट मदतच हवी. कर्जाने ते आणखी बुडतील. पण ज्याच्या हातात कसब आहे त्याला जकातीतून शिलाई मशीन किंवा हातगाडी मालकीची करून द्यावी. रोजचा माल भरायला कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी उसनवारी द्यावी. परत आलेली रक्कम दुसऱ्याला देता येते. तिला धर्माची अटही नाही. शेजारच्या भाजीवालीलाही ती मिळावी. वर्षानुवर्षे भिशी चोख चालवणाऱ्या चाळीतल्या बायकांइतका हा हिशेब कोण नीट ठेवील?

यंदा पाच घरांनी मिळून एकाच गाडीवाल्याची उधारी फेडली, तरी सुरुवात होईल. कर्जात अडकलेल्यांचाही जकातीवर हक्क कुरआनने सांगितलाच आहे. घेणाऱ्यांच्या यादीतले एक नाव काही वर्षांनी देणाऱ्यांच्या यादीत दिसावे, यासाठीच तर ही जकात.