विमान चालू आहे का बंद?

आमच्या असोद्यात वांग्याच्या भरताइतकाच चवीने चघळला जाणारा विषय म्हणजे जळगावचं विमान. पुण्याहून घरी गेलो की पारावर कोणीतरी विचारतंच, "काय रे, इमान चालू हाये का बंद?" हा सॉफ्टवेअरवाला, म्हणजे याला सगळं माहीत असणार, हा एक गोड गैरसमज! पण प्रश्न नीट ऐका मंडळी. तिकीट केवढ्याला, असं कोणी विचारत नाही. चालू का बंद, एवढंच. शेतातल्या लायटीबद्दल विचारावं तसं.

आणि त्यात त्यांचं काय चुकलं? जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन २०१२ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना झालं. नियमित प्रवासी विमान यायला डिसेंबर २०१७ उजाडला. ते 'उडान' योजनेतलं, एअर डेक्कनचं मुंबईचं छोटं विमान. काही महिन्यांत ते थांबलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आली, मग कोविड आला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती कंपनीच थांबली. २०२४ मध्ये फ्लाय९१ ने गोवा, हैदराबाद, पुणे सुरू केलं आणि अलायन्स एअरने मुंबई. म्हणजे सात वर्षांत तीन वेळा श्रीगणेशा. प्रत्येक वेळी हारतुरे, फोटो, पेपरात बातमी.

आता देशाचं चित्र बघा. २०२४ मध्ये भारतात १६ कोटींहून जास्त लोकांनी देशांतर्गत विमानप्रवास केला. प्रवासी वाढताहेत, यात वादच नाही. पण त्याच काळात जेट (२०१९) आणि गो फर्स्ट (२०२३) झोपल्या. गिऱ्हाईक वाढतंय आणि दुकानं बंद पडताहेत, असा हा अजब धंदा. इंधन डॉलरच्या तालावर नाचतं, विमानाचं भाडं डॉलरमध्ये भरायचं आणि तिकीट विकायचं रुपयात. उडालेल्या विमानातली रिकामी खुर्ची दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. वांगी निदान संध्याकाळी पडत्या भावात तरी जातात!

मोठी कंपनी हे सोसते, कारण तिच्याकडे शेकडो विमानं असतात. छोट्या कंपनीकडे चार-पाच. त्यातलं एक दुरुस्तीला गेलं की कात्री कुठल्या मार्गाला लागणार? जिथे प्रवासी कमी, त्याला. म्हणजे आपल्याला.

'उडान'मध्ये सरकार यासाठीच तोटा भरून देतं, पण साधारण तीन वर्षं. त्यातले काही पैसे मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर आकार लावून जमवतात. थोडक्यात, तुम्ही मुंबई-दिल्ली जाता तेव्हा जळगावच्या खुर्चीला हातभार लावत असता. मग त्या पैशाचं झालं काय? कॅगचा २०२३ चा अहवाल सांगतो: दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि त्यानंतरही टिकले किती? ५४!

माझ्या घरचंच सांगतो. आप्पांचं गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात झालं, दर महिन्याला दाखवायला यावं लागायचं. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये पाय लांब करता येत नाही, सकाळी उतरताना दोघांनी धरावं लागायचं. म्हटलं, "आप्पा, विमानाने या, तासाभराचं काम." ते म्हणाले, "डॉक्टर मंगळवारी बसतो, तुझं विमान मंगळवारी नाही. आणि पुढच्या महिन्यात राहील का, ते तू लिहून देशील?" नाही दिलं लिहून. कसं देणार? आप्पा बसनेच येत राहिले.

इथेच खरी गोम आहे. छोट्या गावात प्रवासी नाहीत असं नाही, त्यांची सवय व्हायला वेळ लागतो. व्यापारी, पेशंट, पुण्यात शिकणारी पोरं, सगळे आधी वर्षभर बघतात, मग भरवसा ठेवतात. आणि त्यांचा भरवसा बसेपर्यंत विमान गेलेलं असतं. मग कंपनी म्हणते प्रवासी नाहीत, प्रवासी म्हणतात विमान नाही. दोघंही खरं बोलतात.

आमच्या धंद्यात सर्व्हर सुरू केल्याबद्दल कोणी पाठ थोपटत नाही, तो किती वेळ चालू राहिला ते विचारतात. सरकारनेही तेच विचारावं. उद्घाटनं मोजू नका, उडालेले दिवस मोजा. अनुदान वेळापत्रक पाळण्याला जोडा. दहा गावांना आठवड्यातून दोनदा देण्यापेक्षा पाच गावांना रोज द्या, आणि तीन वर्षांनी एकदम हात काढण्याऐवजी हळूहळू कमी करा. मुंबईत उतरायला जागा नाही हे रडगाणंही आता कमी व्हायला हवं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईतून विमानं उडताहेत, तिथल्या चार चांगल्या वेळा छोट्या गावांसाठी राखून ठेवा.

त्या पाच गावांत जळगाव नसलं तर? वाईट वाटेल, पण चालेल. निदान एकदाचं कळेल तरी. आप्पांना तेवढंच हवं होतं.

असो. पुढच्या वेळी पारावर कोणी विचारलं, तर "चालू आहे" एवढंच म्हणून गप्प बसता यावं, एवढीच इच्छा. सध्या मी "चालू आहे" म्हणतो आणि मग हळूच मोबाईलमध्ये बघून घेतो.