पालकसभा कोणाच्या सोयीची?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीजवळच्या एका शाळेची पालकसभा झाली. वार बुधवार, वेळ सकाळी अकरा. आम्ही कचेरीतून अर्धी रजा टाकून गेलो. पालक जेमतेम पंधरा. धुणीभांडी करणाऱ्या आयांनी, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बापांनी दिवसाची मजुरी बुडवून यायचे कसे? तरी एक गुरुजी म्हणालेच, "या पालकांना आस्थाच नाही!" ते आमच्या जिव्हारी लागले.

गुरुजी वाईट नाहीत. त्यांना हे कोणी शिकवलेच नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. मुलांच्या मनःस्वास्थ्याचीही त्यात भाषा आहे. उत्तम! पण वर्गात गप्प बसणारी मुलगी घरी धाकट्या भावंडांना सांभाळून रात्री अभ्यासाला बसते, हे व्याख्यान ऐकून कसे कळणार? त्या ५० तासांपैकी चार तास वस्तीत, पालकांच्या ओट्यावर बसून का होऊ नयेत? पालकांशी नियमित भेटणे हे तर २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २४ने शिक्षकाचे कर्तव्यच ठरवले आहे. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, असे कलम २१ सांगते. आपल्यापैकी किती माताभगिनींना हे ठाऊक आहे?

पुढची सभा रविवारी सायंकाळी समाजमंदिरात घ्या, सतरंज्या आम्ही टाकतो, असे आम्ही मुख्याध्यापकांना लेखी दिले आहे. अर्जाची पोच घेतली आहे. उत्तर अजून नाही.