फोनिक्स हवे, फोनिक्सची सक्ती नको : प्राथमिक शिक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त (शिक्षण), महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय,

फोनिक्सवरून, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीवरून, आमच्या संघटनेतच दोन तट आहेत, हे आधी सांगितलेले बरे. सी-ए-टी 'कॅट' अशी स्पेलिंगे घोकून मुले नवा शब्द वाचू शकत नाहीत, हे जुन्याजाणत्यांनाही मान्य आहे. वाद आहे तो ही पद्धत कुठवर ताणायची याचा.

अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली आणि इंग्लंडच्या रोझ समितीने २००६ साली फोनिक्सच्या बाजूने कौल दिला. तो मुख्यतः घरून इंग्रजी बोलत येणाऱ्या मुलांच्या बाबतीतला. आपले मूल 'मॅट' हा शब्द ध्वनी जोडून वाचेलही, पण मॅट म्हणजे काय हे त्याच्या गावी नसते. म्हणून पहिलीत इंग्रजी फक्त कानावर पडावे. गाणी, सूचना, गप्पा. ध्वनी-अक्षरांची जोडणी मराठी वाचन बसल्यावर, दुसरीत सुरू करावी. (काही सभासदांना ती पहिलीपासूनच हवी आहे.)

इंग्रजीचा हा साचा मराठीवर लादू नये. देवनागरीत अक्षर आणि उच्चार बरेचसे जुळतात, आणि बाराखडी, कितीही रटाळ असली तरी, हेच काम करत आली आहे. शुद्धलेखनात मात्र कान दगा देतो. 'ऐकाल तसे लिहा' म्हटले की मूल 'आणी' लिहिते आणि आपण लाल रेघ मारतो. 'गरीब'चे 'गरिबी' होताना 'री' ऱ्हस्व का होते, हे ऐकून कळत नाही. त्यासाठी स्वतंत्र तासिका हवी.

वऱ्हाडातले मूल 'डोळा' वाचताना 'डोया' म्हणाले, तर त्याला शब्द वाचता आला आहे. तपासणीत ही चूक धरू नये. मेळघाटातल्या कोरकू मुलांचे पहिले वाचनपाठ त्यांच्याच बोलीतल्या शब्दांचे असावेत.

इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या मुलांकडून ४० शब्द वाचून घेतात, त्यांतले निम्मे निरर्थक. तसली चाचणी इथे नको. केंद्राच्या 'निपुण भारत' अभियानाचे तिसरीचे उद्दिष्ट मिनिटाला ६० शब्द, तेही अर्थासह, असे आहे. तपासणीत घड्याळ तेवढे उरते, अर्थ निसटतो. मुलाला काय कळले, तेही विचारले जावे.

प्रशिक्षण केंद्रस्तरावर, समोरासमोर व्हावे. व्ही आणि डब्ल्यू हे दोन्ही आमच्यापैकी अनेकांच्या तोंडी 'व'च असतात. चित्रफीत पाहून ते सुधारत नाही. खासगी कंपन्यांचे फोनिक्स संच शाळांच्या माथी मारू नयेत. त्याऐवजी बालभारतीने छोटी, स्वस्त वाचनपुस्तके काढावीत.

वर्गात कोणती पद्धत वापरायची, हे शिक्षकाला ठरवू द्यावे आणि वर्षअखेरीस मूल वाचते की नाही याचा जाबही त्यालाच विचारावा. तो द्यायला आम्ही तयार आहोत. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी चर्चेसाठी वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सरचिटणीस
प्राथमिक शिक्षक संघटना