वाघिणी आणल्या, गवत कोण आणणार?

20 मे 2023 ला ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या. एप्रिल 2024 मध्ये तिसरी आली. मंत्री आले, फोटो झाले, आणि तेव्हापासून गोंदिया जिल्ह्यात जंगलाची चर्चा म्हणजे कोणत्या वाघिणीच्या कॉलरचा सिग्नल कुठे मिळाला, एवढीच उरली आहे. वाघाला माझा अजिबात विरोध नाही. पण ज्या चितळा-सांबरांवर वाघ जगतो त्यांच्या पोटाची पर्वा इथे कुणाला दिसत नाही, आणि हे मी सडक अर्जुनीच्या टपरीपासून बैठकांच्या सभागृहांपर्यंत सगळीकडे तोंड फाटेस्तोवर बोललो आहे. लोक माना डोलावतात आणि सफारीच्या नव्या गेटचा विषय काढतात.

चितळाला लागतं तरी काय? कोवळं, आखूड गवत. उन्हाळ्यात मोहाची फुलं, तेंदूची फळं; हिवाळ्यात बेहडा, आवळा. रोजचं पाणी आणि पळून शिरायला जवळच दाट रान. सांबराला उतारावरची झुडपं आणि पाला. नवेगावच्या तलावाभोवतीच्या सात बहिणींच्या डोंगरांत हे सगळं एकमेकांना लागून होतं. वर ऐन, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू, पायथ्याला कुरण, खाली कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि बोड्या. असं रान पैशाने उभं राहत नाही, ते राखावं लागतं.

आपण काय केलं? 1974 मध्ये वन विकास महामंडळ स्थापन झालं आणि मिश्र जंगल तोडून सागवान लावण्यालाच महाराष्ट्रात विकास म्हणू लागले. एका वयाच्या, ओळीत उभ्या सागाखाली एप्रिलच्या दुपारी उभं राहून बघा. खाली परातीएवढी वाळकी पानं, ना फूल, ना फळ, ना गवताची काडी. सागाचा पाला हरीण फारसं तोंडाला लावत नाही. लाकडाचे घनमीटर सरकारी वहीत चढले, त्या डोंगरावरून उठलेल्या सांबरांची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आणि आग. हा आमच्या लोकांचा गुन्हा आहे, तोही बोलायलाच हवा. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायचा, तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणून डोंगरच्या डोंगर जाळायचे. झाडाखाली जुनं लुगडं किंवा जाळी अंथरली तर फूल स्वच्छ मिळतं. तेंदूची झुडपं छाटायची खुटकटाई पुरते. पण खुटकटाईला मजुरी द्यावी लागते आणि आगपेटी स्वस्त पडते, हे कंत्राटदाराचं गणित. त्या गणितात ऐन टंचाईच्या दिवसांत हरणाच्या तोंडचा वाळला चारा आणि गळलेली फळं राख होतात, आणि पुढच्या पावसात तिथे घाणेरी आधी उगवते.

या घाणेरीवर तर दरवर्षी पैसा उधळला जातो. कोयत्याने वरचेवर कापायची, हजेरीपट भरायचा, बिल काढायचं. वरून कापलेली घाणेरी पावसाळ्यात दुप्पट फुटते, हे शेतावरच्या पोरालाही कळतं. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी तिचं तंत्र केव्हाच दाखवून दिलं आहे: कुदळीने जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली, मुळाच्या गड्ड्याखाली घाव घालायचा, झुडूप उपटून उलटं टाकायचं, मुळं वर. ते पुन्हा मातीला लागत नाही. मग दोन-तीन वर्षं रोपटी उपटत राहायची आणि मोकळ्या जागी गवत धरायचं. काम कष्टाचं आहे, पण अवघड मुळीच नाही.

जंगलातून गाव उठलं की रिकाम्या बांध्यांवर कुरण आपोआप होतं, असं समजणारे साहेबही मला भेटले आहेत. आपोआप होतो तो तरोटा आणि रानतुळस. दोन्ही फुलावर येण्याआधी, भर पावसात उपटावी लागतात. बी पडलं की वर्ष गेलं. मारवेल, पवना यांचं बी गोळा करून टाकावं लागतं, कुसळी माजू द्यायची नसते. अमरावतीचे गवततज्ज्ञ गजानन मुरतकर मेळघाटापासून हेच सांगत आले आहेत. नवेगाव-नागझिऱ्याचा गाभाच सुमारे 656 चौरस किलोमीटरचा. इथे गवताची ओळख असलेला माणूस प्रत्येक बीटावर हवा.

शिकार पुन्हा सुरू करा, मग लोक हरणं जपतील, असंही हल्ली काही जण मला ऐकवतात. दाखला अमेरिकेचा. तिथे 1937 पासून बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो, शेतकरी आपल्या डोंगरावरची झाडं विरळ करून जमिनीवर ऊन पाडतो, ओक राखतो, हरणांसाठी चारा पेरतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही लाख उरलेली पांढऱ्या शेपटीची हरणं आज कोट्यवधी आहेत. त्यातली ऊन, ओक आणि चाऱ्याची मेहनत घ्या ना! बंदूक तेवढी कशी आठवते? 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली 1991 ची दुरुस्ती यांनी शिकार बंद झाली ती योग्यच झाली आणि ती बंदच राहिली पाहिजे. चोरटी शिकार मात्र सुखेनैव चालू आहे. अकरा केव्हीच्या लाईनवर बांबूने आकडा टाकायचा, पाणवठ्याच्या वाटेवर खुंट्या ठोकून गुडघाभर उंचीवर तार ओढायची. त्यात चितळ मरतं, वाघ मरतो, रात्री शेतावर निघालेला माणूसही मरतो. मटण कुठे विकलं जातं हे गावाला माहीत असतं आणि गाव गप्प बसतं. या गप्प बसण्याची मला चीड आहे.

गाव बोलेल केव्हा? रानात त्याचा वाटा असेल तेव्हा. आज हरणाकडून त्याला मिळते ती धानाची नासाडी आणि पंचनाम्याचे हेलपाटे. आमच्या जिल्ह्यात सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आहेत, तेंदूपत्त्याचा लिलाव त्या स्वतः करतात. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगल राखण्याचा आणि त्याची व्यवस्था बघण्याचा हक्क त्यांना दिला आहे. मग व्याघ्र प्रकल्पाभोवतालच्या डोंगरांवरचं घाणेरीचं, कुरणाचं, बोड्यांतला गाळ काढण्याचं काम थेट त्यांच्याकडे द्या. मजुरी त्यांच्या खात्यात टाका, आणि तीन वर्षांनी गवत मोजा. कंत्राटदार मध्ये नको.

तरोटा श्रावणात उपटावा लागतो. त्याच्या मजुरीचा आदेश भाद्रपदात निघून उपयोग नाही, तो मृगाआधी ग्रामसभेच्या हातात पडला पाहिजे.